कोरा रून आणि लिंगोचे गाणे: ‘प्राचीन’ या शब्दाचा हिशेब

१/
नागपुरात घरबसल्या मागवता येणाऱ्या ‘व्हायकिंग’ भविष्यसंचात बहुधा पंचवीस लहान तुकडे असतात. लाकडाचे किंवा दगडाचे. चोवीस तुकड्यांवर एकेक रून, म्हणजे उत्तर युरोपातील जुन्या लिपीचे एकेक अक्षर कोरलेले असते. पंचविसावा तुकडा कोरा असतो. तो ओडिन देवाचा, नियतीचा, असे सांगितले जाते आणि ही सारी विद्या हजारो वर्षे जुनी असल्याची ग्वाही दिली जाते. या थ्रेडचा विषय ती ग्वाही आहे. तिचा शेवट मात्र स्कँडिनेव्हियात होत नाही, नागपुरात होतो.

२/
प्रथम कोऱ्या तुकड्याविषयी. त्याचे जन्मवर्ष ठाऊक आहे: १९८२. राल्फ ब्लम या अमेरिकन लेखकाने ‘द बुक ऑफ रून्स’ या पुस्तकातून तो लोकप्रिय केला. जुन्या शिलालेखांत वा मध्ययुगीन हस्तलिखितांत त्याचा मागमूस नाही. असणारही कसा? लिपीत कोरे अक्षर असत नाही. मुळाक्षरांच्या तक्त्यात ‘ज्ञ’नंतर एक रिकामा चौकोन काढून तो सर्वांत गूढ वर्ण असल्याचे सांगावे, तसा हा प्रकार. भारताने क्रिकेटचा पहिला विश्वचषक जिंकला, त्याच्या आदल्या वर्षीची ही ‘प्राचीन’ विद्या आहे.

३/
आता उरलेले चोवीस. हे चिन्हसमूह खरोखर जुने आहेत. रूनलिपीचे सर्वांत जुने लेख इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले आहेत. परंतु व्हायकिंग काळ त्यानंतरचा, साधारण आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकापर्यंतचा. तोपर्यंत स्कँडिनेव्हियातील लिपी आटोपशीर होऊन सोळा अक्षरांची झाली होती. म्हणजे ज्या व्हायकिंगांच्या नावाने चोवीस रून विकले जातात, ते व्हायकिंग स्वतः सोळाच वापरीत. आजच्या माणसाला मोडीचा कागद देऊन ही तुमची रोजची लिपी, असे सांगण्याइतकीच ही चूक ढोबळ आहे.

४/
प्रत्येक रूनचा ‘अर्थ’ कोठून येतो? काही नावे आणि त्यांचे स्पष्टीकरण तीन जुन्या रूनकाव्यांत आढळते: एक इंग्लंडचे, एक नॉर्वेचे, एक आइसलँडचे. तिन्ही ख्रिस्ती काळात लिहून ठेवलेली आहेत आणि तिघांत सर्वत्र एकवाक्यता नाही. नॉर्वे आणि आइसलँडची काव्ये तर सोळाच रूनांबद्दल बोलतात. ‘हा रून उलटा आला म्हणजे नोकरीत अडथळा’ असे तिन्हींपैकी एकही काव्य सांगत नाही. उलट-सुलट पाहण्याची ही रीत आधुनिक टॅरो-पत्त्यांच्या वळणाची आहे.

५/
दंडावर गोंदवून घेतले जाणारे ‘व्हायकिंग होकायंत्र’ही याच मांडणीतले. त्याचे नाव वेगविसिर, वाट दाखवणारे. ते ज्या आइसलँडिक हस्तलिखितात सापडते, ते १८६० सालचे आहे. १८६० म्हणजे नागपूर संस्थान खालसा होऊन सहा वर्षे लोटलेली. शेवटचा व्हायकिंग त्यापूर्वी सुमारे आठशे वर्षे मातीत गेला होता. चिन्ह सुंदर आहे आणि आइसलँडच्या लोकजादूच्या इतिहासात त्याला स्थानही आहे; पण ते जहाजावरच्या ओडिनभक्ताचे नाही.

६/
याहून गंभीर प्रकरण गिडो फॉन लिस्टचे. या ऑस्ट्रियन लेखकाला १९०२ मध्ये डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने अंधत्व आले. त्या काळात आपल्याला अठरा रूनांचे रहस्य उमगले, असा त्याचा दावा. १९०८ मध्ये त्याने ते पुस्तकरूपाने छापले. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांत बुडालेल्या या मांडणीचे धागे पुढे नाझींच्या चिन्हविश्वापर्यंत पोहोचले. एसएस संघटनेची दुहेरी विजेसारखी खूण रूनवरून घेतलेली होती. ‘फक्त अध्यात्म’ म्हणून रून शिकणाऱ्याने हा वारसा माहीत करून घेणे आवश्यक आहे. अजाणतेपणी काढलेली खूणही पाहणाऱ्याला काहीतरी सांगत असते.

७/
यावर एक ठरलेले उत्तर मिळते: रोमन इतिहासकार टॅसिटसने रूनांनी कौल लावण्याचे वर्णन केले आहे. त्याने इ.स. ९८च्या सुमारास ‘जर्मेनिया’ लिहिले, हे खरे. फळे देणाऱ्या झाडाची फांदी तोडायची, तिच्या चकत्यांवर खुणा करायच्या, त्या पांढऱ्या वस्त्रावर टाकायच्या आणि आकाशाकडे पाहत तीन उचलायच्या, ही रीत तो सांगतो. पण तो ‘खुणा’ म्हणतो, अक्षरे म्हणत नाही. वर्णन स्कँडिनेव्हियाचे नव्हे, जर्मन प्रदेशांचे आहे. त्या खुणा म्हणजे रूनच होते, हा नंतरच्या वाचकांचा तर्क आहे.

८/
तर मग रूनांचा जादूशी संबंधच नव्हता का? होता, आणि तोही इतिहासच आहे. डेन्मार्कातील रीबे येथे सापडलेल्या आठव्या शतकातील कवटीच्या तुकड्यावर रूनांत ओडिनचे नाव आहे. स्वीडनमधील ब्योरकेटोर्पचा शिलालेख दगड मोडणाऱ्याला शाप देतो. एगिलच्या सागात नायकाला एका आजारी मुलीच्या अंथरुणात देवमाशाच्या हाडावर चुकीचे कोरलेले रून सापडतात. तो ते खरवडून, जाळून, नवे कोरतो आणि ती बरी होऊ लागते. अडाण्याने रून कोरू नयेत, हा त्या प्रसंगाचा बोध. पिशवीतून तीन तुकडे काढून भविष्य पाहण्याचे चित्र मात्र तेथेही नाही.

९/
बाकी बहुसंख्य रूनलेख साध्या जगण्याचे आहेत. मृत आप्ताच्या स्मरणार्थ उभारलेले दगड, वस्तूवर मालकाचे नाव. नॉर्वेतील बर्गन येथे १९५५च्या आगीनंतर झालेल्या उत्खननात शेकडो रूनलेख मिळाले: मालाच्या चिठ्ठ्या, प्रेमाचे निरोप, थट्टा, प्रार्थना. रून ही आधी लिपी होती. लिपीने मंत्रही लिहिता येतो आणि उधारीचा हिशेबही. तिच्यातला हिशेब पुसून केवळ मंत्र शिल्लक ठेवणारे लोक ती लिपी वापरणाऱ्या माणसांचाच अपमान करतात.

१०/
देवकथांचे काय? ओडिन, थोर, लोकी यांच्याबद्दल जे काही वाचले जाते, त्याचा मोठा भाग दोन ठिकाणांहून येतो. एक, स्नोरी स्तुर्लुसोन या आइसलँडच्या विद्वान राजकारण्याने १२२०च्या सुमारास रचलेली ‘एडा’. दुसरे, १२७०च्या सुमाराचे ‘कोडेक्स रेगियस’ हे काव्यांचे हस्तलिखित. आइसलँडने इ.स. १०००च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. म्हणजे स्नोरी लिहीत होता तेव्हा दोन शतके उलटली होती आणि तो स्वतः ख्रिस्ती होता. जुन्या देवांची पूजा करावी हा त्याचा हेतू नव्हता. जुने काव्य कळावे, हा होता.

११/
हे अंतर किती मोठे, हे विदर्भातल्या एका ग्रंथाशी ताडून पाहता येते. त्याच तेराव्या शतकात, उत्तरार्धात, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभट ‘लीळाचरित्र’ सिद्ध करीत होते. चक्रधरांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना गाठून त्यांनी आठवणी गोळा केल्या. आठवणी जुळल्या नाहीत तेथे परंपरेने भिन्न पाठ सांगणाऱ्याच्या नावानिशी जपले. लिहिणारा श्रद्धावान, साक्षीदार हयात, मतभेद नोंदलेले. स्नोरीपाशी यांपैकी काहीच नव्हते. त्याचा ग्रंथ म्हणून टाकाऊ ठरत नाही. पण तो धर्मग्रंथ नव्हे, हे विसरता येत नाही.

१२/
नॉर्स जादूचा सर्वांत सविस्तर प्रसंग ‘एरिक द रेड’च्या सागात आहे. ग्रीनलंडमध्ये दुष्काळ पडला आहे. थोरब्योर्ग नावाच्या भविष्यवेत्तीला बोलावले जाते. तिचा निळा झगा, हातातला दंड, मांजराच्या कातड्याचे हातमोजे, सारे तपशील येतात. विधीला ‘सेइदर’ म्हणतात आणि त्यासाठी एक विशिष्ट गाणे बायकांनी म्हणावे लागते. ते कोणालाच येत नाही. येते फक्त गुद्रीदला, लहानपणी पालक-आईकडून शिकलेले. आणि गुद्रीद ख्रिस्ती आहे. ती आढेवेढे घेते आणि शेवटी गाते.

१३/
हा प्रसंग तेराव्या शतकात लिहिलेला आहे, हे ध्यानात ठेवूनही त्यात एक मोठे सत्य आहे: विधी गाण्यावर उभा असतो, गाणे माणसाच्या गळ्यात असते आणि गळे संपले की विधी संपतो. डेन्मार्कातील फिर्कात येथे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका स्त्रीच्या कबरीत धातूचा दंड आणि खुरासनी ओव्याच्या जातीच्या विषारी वनस्पतीच्या बिया सापडल्या. दंड हाती आला, बिया हाती आल्या. गाणे आले नाही. गुद्रीदने काय म्हटले, त्याचा एक शब्दही सागाने नोंदवलेला नाही.

१४/
म्हणून नॉर्स धर्म ही तुटलेली परंपरा आहे. आज ती पाळणारे ती पुन्हा रचतात. आणि त्यांतील प्रामाणिक लोक तसे मोकळेपणाने सांगतात. आइसलँडमधील ‘आउसात्रूआरफेलागिद’ हा संघ १९७२ मध्ये स्थापन झाला. त्याचे पहिले प्रमुख स्वेनब्योर्न बेन्टेनसोन हे मेंढपाळ शेतकरी आणि जुन्या चालीवर काव्यगायन करणारे कवी. १९७३ मध्ये तेथील शासनाने संघाला मान्यता दिली. आज त्याचे पाच हजारांहून अधिक सदस्य आहेत. स्थापनेचे वर्ष ते लपवीत नाहीत आणि त्यामुळे त्यांचे काहीही बिघडलेले नाही.

१५/
इथे दुसऱ्या टोकाच्या टीकाकारालाही थांबवले पाहिजे. ‘नवे आहे, म्हणजे खोटे आहे’ हा त्याचा आवडता निष्कर्ष. नागपूरकराला तो मान्य होण्याजोगा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी आणि पिवळी मारबत १८८०च्या दशकापासूनची मानली जाते. रोगराई, पीडा, वर्षभराचे सारे अरिष्ट त्या पुतळ्यांसोबत शहराबाहेर काढले जाते. बडग्यांतून राजकारण्यांची रेवडी उडवली जाते. मारबत वैदिक काळातली नाही म्हणून इतवारीतली गर्दी ओसरली, असे कधी झालेले नाही.

१६/
विधीला खरेपणा वयाने येत नाही. तो करणाऱ्यांच्या निष्ठेने आणि समूहाच्या स्वीकाराने येतो. इतिहासाचा आक्षेप विधीवर नाही, जन्मतारखेवर आहे. १९८२ची वस्तू १९८२ची म्हणून विकली, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला तक्रारीचे कारण उरत नाही. ती नवव्या शतकातली म्हणून विकली जाते, तेव्हा नवव्या शतकातील माणसांच्या तोंडी त्यांनी न उच्चारलेले शब्द घातले जातात. मृतांना प्रतिवाद करता येत नाही. म्हणून तो इतिहासाला करावा लागतो.

१७/
तिसरा गट आपल्याकडचा खास. त्याच्या मते स्कँडिनेव्हिया म्हणजे ‘स्कंदनाभी’, ओडिन म्हणजे बुध किंवा बुद्ध, आणि नॉर्स विद्या ही मूळची इथलीच. यांतला ओडिन-बुद्धाचा खेळ तर युरोपीय लेखकांनीच दोनशे वर्षांपूर्वी खेळून टाकून दिला होता. उच्चार कानाला सारखा वाटला की मूळ एकच, ही पद्धत व्युत्पत्तिशास्त्र नव्हे. या न्यायाने नागपूर आणि सिंगापूर ही सख्खी भावंडे ठरली पाहिजेत. गंमत म्हणजे त्या दोघांतला ‘पूर’ खरोखर एकच आहे आणि तरीही एकातून दुसरे वसलेले नाही.

१८/
खरा संबंध याहून रोचक आहे. नॉर्स देव ‘तिर’ याचे नाव आणि ‘देव’ हा शब्द एकाच मूळ धातूतून आले, हे ध्वनिनियमांनी सिद्ध झालेले आहे. मराठी आणि जुनी नॉर्स या भारत-युरोपीय कुळातल्या दूरच्या बहिणी. गोंडी मात्र द्राविड कुळातली. म्हणजे कुळाच्या हिशेबाने नागपूरकर मराठी माणूस ओडिनच्या भाषेचा नातलग आहे आणि शेजारच्या गोंडी बोलणाऱ्याचा नाही. पण नाते आणि शेजार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हजार वर्षांचा शेजार गोंडांशी आहे. आणि हे शहर वसवणारा बख्त बुलंद शाह देवगडचा गोंड राजा होता.

१९/
साम्यांच्या मोहात नागपूर याआधीही सापडले आहे. काटोल रस्त्यावरील जुनापाणी येथे महापाषाणयुगीन शिळावर्तुळे आहेत, सुमारे तीनशे. त्या दगडांवरचे वाटीसारखे खळगे रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७०च्या दशकात अभ्यासले आणि त्यांचे स्कॉटलंडसारख्या युरोपीय प्रदेशांतील खळग्यांशी असलेले साम्य पाहून तो चकित झाला. आज कोणी जाणकार त्यावरून स्थलांतराची कथा रचत नाही. मृतांसाठी वर्तुळाकार दगड मांडणे मानवाला अनेक ठिकाणी, स्वतंत्रपणे सुचलेले आहे. ती वर्तुळे ज्यांनी मांडली, ते विदर्भातले लोहयुगीन लोक होते. एवढे पुरेसे आहे.

२०/
आता मूळ मुद्दा. याच शहरात रूनांचा अभ्यास ‘अध्यात्म’ ठरतो आणि गोंड भुमकाचे पूजन ‘अंधश्रद्धा’. सागातील थोरब्योर्गचा दंड ‘शक्तीचे प्रतीक’ आणि पेनठाण्यावरचा भाला ‘मागासपणा’. ओडिनचे जग-वृक्षावर लटकणे ‘गहन’ आणि बडादेवाचा साजावृक्ष ‘झाडपूजा’. ही दुहेरी मोजपट्टी अज्ञानाची आहे, असे म्हणून सोडून देता येत नाही. इंग्रजीतून, पडद्यावरून, विकत मिळते ते प्राचीन; आणि शेजारच्या तालुक्यातून, फुकट, जिवंत भेटते ते गावंढळ, असा तिचा खरा नियम आहे.

२१/
नॉर्स परंपरेला स्नोरी भेटला. गोंड परंपरेला स्टीफन हिस्लॉप भेटला. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. शहरातले हिस्लॉप महाविद्यालय त्याच्याच नावाचे. भूगर्भ, वनस्पती, भाषा, सर्वांत त्याला रस होता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना नाल्याच्या पुरात तो बुडाला. त्याचे कागद मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत एका परधानाच्या तोंडून उतरवलेले लिंगोचे दीर्घ गाणे होते. मूळ गोंडीत, सुमारे हजार ओळींचे.

२२/
गाण्याची कथा थोडक्यात अशी. महादेव गोंडांना गुहेत कोंडून तोंडावर प्रचंड शिळा लावतो. चौघे निसटतात. लिंगो जन्म घेतो, त्यांना शेती शिकवतो, त्यांचे विवाह लावून देतो. त्या बायकांच्या खोट्या आरोपावरून तेच भाऊ लिंगोला ठार मारतात. तो पुन्हा जिवंत होतो, गुहेतल्या बंदिवानांना सोडवतो, पूर आलेली नदी ओलांडताना कासव साहाय्याला येते, आणि शेवटी तो समाजाची कुळे बांधून देवांची पूजा घालून देतो. मारल्या गेलेल्या बाल्डरची कथा ज्यांना मुखोद्गत आहे, त्या नागपूरकरांपैकी किती जणांना ही कथा ठाऊक आहे?

२३/
या गाण्याचा पुढचा प्रवास तर उत्तर युरोपातूनच जातो. कॅप्टन फोर्साइथने १८७१च्या ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथात ते इंग्रजी पद्यात आणले. छंद निवडला अमेरिकन कवी लाँगफेलोच्या ‘हायावाथा’चा. लाँगफेलोने तो घेतला होता ‘कालेवाला’ या फिनलंडच्या महाकाव्यावरून. आणि ‘कालेवाला’ एलियास ल्योनरोटने लोकगीते जमवून १८३५ मध्ये रचलेले. म्हणजे मध्य भारतातला लिंगो फिनलंडच्या चालीवर इंग्रजीत चालू लागला. १९१६ मध्ये नागपूरचे बिशप आयर चॅटर्टन यांच्या ‘द स्टोरी ऑफ गोंडवाना’ने ही कथा पुन्हा इंग्रजी वाचकांपुढे ठेवली. परधानाचे नाव मात्र या प्रवासात कोणी सोबत नेले नाही.

२४/
आता मोजपट्टी समान लावावी. स्नोरी ख्रिस्ती होता. हिस्लॉपही ख्रिस्ती, शिवाय परका आणि धर्मप्रचारक. परंतु स्नोरीच्या वेळी जुना धर्म संपून दोन शतके झाली होती. हिस्लॉपच्या वेळी तो चालू होता, गाणारा समोर बसला होता आणि गाणे त्याच्या व्यवसायाचा भाग होते. पुरावा म्हणून कोणता दस्तऐवज अधिक जवळचा? हिस्लॉपच्या पाठात महादेव-पार्वती येतात म्हणून ते ‘मूळ गोंडी नाहीच’ असे म्हणणाऱ्यांनी स्नोरीची प्रस्तावनाही वाचावी. तीत नॉर्स देव ट्रॉय नगरीहून आलेली माणसे ठरवलेले आहेत. त्यामुळे कोणी ओडिनला बाद केलेले नाही.

२५/
आणि मुख्य भेद हा की गोंडांचा धागा तुटलेला नाही. भुमका आहेत, परधानांचे वाद्य आहे, चार, पाच, सहा आणि सात देवांच्या कुळांनुसार विवाहसंबंध ठरवण्याची रीत आहे. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. लिंगोने बंदिवान सोडवले ती हीच, अशी श्रद्धा. १९८०च्या दशकात मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील यात्रेला नवे रूप दिले. आज माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून लोक येतात. कंगाली नागपूरचे, रिझर्व्ह बँकेतील नोकरी सांभाळून गोंडी भाषा आणि कोया पुनेम यांवर आयुष्यभर लिहिणारे. २०१५ मध्ये ते वारले.

२६/
समान मोजपट्टीचा नियम इथेही सुटत नाही. सिंधू लिपी गोंडीतून वाचता येते, असे कंगालींचे प्रतिपादन होते. सिंधू लिपीचे सर्वमान्य वाचन आजवर झालेले नाही आणि हे वाचनही अभ्यासकांत प्रस्थापित झालेले नाही. हे स्पष्ट म्हटले पाहिजे. आणि त्याच स्पष्टपणे हेही, की गोंडी धर्माला हडप्पाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. कचारगडच्या आजच्या यात्रेचे वय चार दशके आहे, असे म्हटल्याने लिंगो लहान होत नाही. प्राचीनतेचा हव्यास हा विकणाऱ्याचा रोग. ज्यांच्याजवळ जिवंत परंपरा आहे, त्यांनी तो लावून घेण्याचे कारण नाही.

२७/
यात पणाला काय लागले आहे, तेही पाहावे. २०११च्या जनगणनेत सहा मोठ्या धर्मांना स्वतंत्र स्थान होते. उरलेल्यांनी ‘इतर’मध्ये जायचे. गोंडांची लोकसंख्या एक कोटीहून अधिक. ‘इतर’मध्ये गोंडी धर्म असे नोंदवणारे सुमारे दहा लाख. स्वतंत्र नोंदीची मागणी केली की प्रश्न येतो, ‘तुमचा ग्रंथ कोठे आहे?’ आइसलँडच्या शासनाने १९७३ मध्ये जेमतेम वर्षभराच्या, तुटलेला धागा जोडू पाहणाऱ्या मूठभर लोकांच्या संघाला मान्यता देताना अखंड परंपरेचा दाखला मागितला नव्हता. न तुटलेल्या परंपरेकडून तो मागितला जातो. व्हायकिंगप्रेमी तरुणाला या विसंगतीची चीड यायला हवी.

२८/
‘जादू’ या शब्दाचेही दोन भाव आहेत. शहरात स्वतःला हौसेने ‘विच’ म्हणवून घेता येते. त्याने फार तर नातेवाईक हसतात. खेड्यात एखाद्या बाईला दुसऱ्यांनी चेटकीण ठरवले, तर तिचा जीव जाऊ शकतो. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. कोणाला चेटूक करणारा ठरवून छळणे हा त्यानुसार गुन्हा आहे. आइसलँडनेही सतराव्या शतकात जादूच्या आरोपावरून सुमारे वीस जणांना जाळले. जवळजवळ सारे पुरुष. जादूचा इतिहास आरोपींच्या इतिहासावाचून अपुरा राहतो.

२९/
याचा अर्थ नागपूरच्या मुलांनी ओडिनचे नाव घेऊ नये, असा नाही. जगातील कोणताही भूतकाळ जगातील कोणाही जिज्ञासूचा असतो. नॉर्स विद्या शिकू पाहणाऱ्याने ती जरूर शिकावी: एडा वाचावी, सागा वाचावेत, नील प्राइससारख्या पुरातत्त्वज्ञाचे काम पाहावे, सोळा आणि चोवीसमधला फरक कळून घ्यावा. आणि प्रत्येक विधीसमोर, प्रत्येक चिन्हासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: हे कोणी सांगितले, केव्हा, आणि कोणाकडून ऐकून. उत्तर १९८२ आले तर १९८२ लिहावे. आवडत असेल तर ते तरीही करावे.

३०/
ही शिस्त परकीय नाही. रिद्धपूरला सातशे वर्षांपूर्वी आठवण कोणाची, हे नावानिशी नोंदवण्याची रीत होती. १८६६ मध्ये नागपुरात ती पाळली गेली नाही. म्हणून लिंगोचे गाणे हिस्लॉपचे, टेंपलचे, फोर्साइथचे झाले आणि ते ज्याच्या गळ्यातून आले, तो परधान निनावी राहिला. गुद्रीदचे गाणे आता कोणालाही मिळणार नाही. परधानांच्या गळ्यातली गाणी अजून ऐकता येतात. कचारगडला जाणारी वाट नागपूरहून एका दिवसाची आहे. तेथे जाणाऱ्याने वही न्यावी, गाणाऱ्याची परवानगी घ्यावी आणि पहिल्या ओळीत त्याचे नाव लिहावे.

(थ्रेड समाप्त)